लाल गराची रेघ

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका संस्थेची फळझाडांची बाग होती. तिथं नत्थुजींची एकतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला आता दोनच उरली होती. पुण्यामुंबईकडे ज्याला पेरू म्हणतात त्याला वऱ्हाडात जाम म्हणतात, आणि जामाच्या बाबतीत नत्थुजींचा शब्द बागेत शेवटचा असे. कोणतं झाड कोणत्या बहाराला रुसतं, कुठल्या झाडाचं फळ वरून पिवळं झालं तरी आतून कच्चं राहतं, हे ते चालता चालता सांगत. शिकलेले साहेब वहीत उतरवून घेत.

त्या बागेच्या उत्तरेच्या तुकड्यात सहाशे रोपं उभी होती. जन्मापासून ती नत्थुजींच्याच हातची होती. कौंडण्यपूरजवळ एका वावराच्या बांधावर जामाचं एक जुनं झाड होतं. फळ लिंबाएवढं, बिया मुठीनं, पण गर कुंकवासारखा लाल, आणि झाड असं चिवट की पाणी न देता उभं. त्याचे परागकण आणून नत्थुजींनी बागेतल्या मोठ्या, गोड, पांढऱ्या जामाच्या फुलांना लावले होते. त्यासाठी पंधरा दिवस ते उजाडायच्या आत बारीक कुंचला घेऊन झाडावर चढत आणि लावलेल्या प्रत्येक फुलाला कागदी टोपी घालत. त्या फळांच्या बिया पेरून ही रोपं झाली. आता त्यांतून लाल गराचं, मोठ्या फळाचं, कमी पाण्यावर जगणारं एखादं झाड निघावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

इच्छा वाटावी असेच दिवस होते. दोन हजार सतराच्या दिवाळीत गुलाबी बोंडअळीनं कापसाची बोंडं आतून खाल्ली होती. वरुडकडे बोअर आटले, तशा संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोक कुऱ्हाड लावू लागले. शेंदूरजनाघाटचे नर्सरीवाले चंद्रभान दर दोन महिन्यांनी फोन करत, "तुमच्या लाल जामाचं कुठवर आलं?" आणि नत्थुजी दर वेळी सांगत, "झाडाले घाई नसते, चंद्रभानजी. फळ आल्याबिगर रंग कसा कळन?"

फळाला अजून दीडदोन वर्षं होती, आणि पाणी मात्र अठराच्या मार्चमध्येच संपलं. विहीर दिवसाला तासभर चाले, मग पंप नुसता घरघरे. बागेचे प्रमुख गजेंद्रसाहेब एका सकाळी उत्तरेच्या तुकड्यात आले, बांधावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "नत्थुजी, हिशेब करून पाहिला. जुनी झाडं जगवायची तर इथली एकशेतीसच रोपं जगतील. बाकी काढावी लागतील."

"कोणती एकशेतीस?" नत्थुजींनी विचारलं.

"ते तहरीम मॅडम सांगतील."

तहरीम अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि तिथल्याच प्रयोगशाळेत गेली चार वर्षं जामाच्या पानांवर काम करत होती. तिचे वडील इतवारा बाजारात फळं विकायचे. लहानपणी शाळेतून आली की ती गाडीपाशी उभी राहायची, आणि गिऱ्हाईक दिवसातून पन्नासदा विचारायचं, लाल निघेल का? वडील फळ कापून दाखवत. पांढरं निघालं की गिऱ्हाईक पुढे जाई आणि कापलेलं फळ घरी येई. न कापता कळलं पाहिजे, हे तिच्या डोक्यात तिथूनच शिरलं असं ती सांगत असे. दोन दिवसांनी ती थर्माकोलचा बर्फाचा डबा आणि सहाशे कागदी पाकिटं घेऊन आली. प्रत्येक पाकिटावर रोपाचा नंबर होता.

"नत्थुकाका, प्रत्येक रोपाची दोन कोवळी पानं पाहिजेत," ती म्हणाली. "मी अमरावतीला नेऊन तपासते. कोण लाल होणार आणि कोण पांढरा, ते पानातच लिहिलेलं असतं."

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची होती. "मॅडम, राग नका मानू. एकतीस वर्षं मी पानं पाहून राहिलो. लाल जामाचं पान अन् पांढऱ्या जामाचं पान मले तं सारखंच दिसते."

"मलाही सारखंच दिसते," तहरीम सरळ म्हणाली. "डोळ्यानं नाही दिसत. म्हणून तर मशीन लागते."

नत्थुजींनी पाकिटांचा गठ्ठा उचलला. पण मन मानेना. चारशेसत्तर रोपं एका कागदाच्या भरवशावर उपटायची होती. एकदा उपटलं की चूक झाली तरी कोणाला कळणार नव्हतं, कारण मेलेल्या झाडाला फळ लागत नाही. तेवढी एक गोष्ट त्यांना टोचत राहिली.

पानं तोडायला बागेतल्या जुन्या मजूर पार्बताबाई त्यांच्यासोबत होत्या. नंबरवार जाताना एका रिकाम्या आळ्यापाशी त्या थांबल्या. "हे तं वाळलं ना. पाकीट कोरं ठेवू?"

होळीच्या आधीच अशी आठ रोपं वाळली होती, आणि ते अजून अमरावतीच्या वहीत चढलं नव्हतं. नत्थुजींनी ती आठ पाकिटं पार्बताबाईंच्या हातातून घेतली आणि जुन्या बागेकडे गेले. तिथल्या प्रत्येक झाडाची फळं त्यांनी वर्षानुवर्षं खाल्ली होती. चार लाल जामांची आणि चार पांढऱ्यांची पानं तोडून त्यांनी आठ पाकिटांत भरली आणि कोणत्या नंबरात कोणतं झाड, ते तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहून खिशात ठेवलं.

"हे काय करून राहिले तुमी?" पार्बताबाईंनी विचारलं.

"मशीनची परीक्षा."

"अन् मॅडमले सांगसान नाई?"

"परीक्षेचा पेपर कोणी आधी सांगते काय?"

तीन आठवड्यांनी तहरीम यादी घेऊन आली. एप्रिलचं ऊन तापलं होतं. गजेंद्रसाहेब, ती आणि नत्थुजी कचेरीच्या व्हरांड्यात बसले. यादीत प्रत्येक नंबरासमोर लाल किंवा पांढरा असं लिहिलेलं. नत्थुजींनी खिशातून कागद काढला आणि बोट ठेवत ठेवत आपले आठ नंबर शोधले. पहिला लाल, बरोबर. दुसरा पांढरा, बरोबर. सातव्यापर्यंत सगळे जुळले. जे कळायला फळ कापावं लागतं ते या पोरीनं दोन पानांतून सांगितलं होतं.

आठवा नंबर होता दोनशे सदतीस. पान पांढऱ्या जामाचं होतं, विहिरीकडच्या रांगेतल्या. यादीत लिहिलं होतं: लाल.

नत्थुजींनी कागद टेबलावर ठेवला आणि काय केलं ते सगळं सांगितलं. "आठातलं एक चुकलं," ते म्हणाले. "सहाशेत किती चुकले असतीन? मी रोपाले हात लावणार नाई, साहेब."

गजेंद्रसाहेब रागावले. न विचारता असं करायला नको होतं, म्हणाले. तहरीम मात्र रागावली नाही. तिनं तो तंबाखूचा कागद उचलून दोनदा वाचला. "काका, तुम्ही हे केलं ते बरं झालं," ती म्हणाली. "मीच करायला पाहिजे होतं. मला आठाच्या आठ बरोबर आले असते तर आवडलं असतं, पण चूक असेल तर ती आत्ताच कळू दे. साहेब, उपटायचं थांबवा. मला आठ दिवस द्या." परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून तिला लगेच निघावं लागलं. जाताना तिनं एवढंच विचारलं, "ते पान कोणत्या फांदीचं होतं, आठवते का?"

"झाडाचंच होतं," नत्थुजी म्हणाले.

पण प्रश्न डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीकडच्या रांगेत गेले. पान कुठून तोडलं होतं ते त्यांना आठवत होतं. कोवळी पानं हवी होती, आणि उन्हानं सगळं झाड करपलेलं असताना कुंपणाच्या बाजूची एक फांदी तेवढी हिरवीगार होती. ती फांदी त्यांनी बाजूला केली, गवत सारलं आणि तिच्या मुळापर्यंत हात नेला. झाडाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कलम बांधल्याची गाठ होती. फांदी त्या गाठीच्या खालून निघाली होती.

नत्थुजी तिथंच मातीत बसले.

हे भेटकलम त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी बांधलं होतं. वरचं झाड सरदार जातीच्या पांढऱ्या जामाचं, आणि खालचा खुंट गावठी रोपाचा. त्या वर्षीचे सगळे खुंट त्यांनी लाल जामाच्या बियांपासूनच केले होते, कारण लाल गावठी जामाची मुळं खोल जातात. म्हणजे ही हिरवी फांदी वरच्या झाडाची नव्हतीच. खुंटालाच फुटवा आला होता, कुंपणाआड दोन वर्षं वाढला होता, आणि त्याला अजून फळ लागलं नव्हतं. कलमाखालचा फुटवा दिसला की खुडायचा, नाहीतर तो वरच्याचं खातो, हे ते नव्या मजुराला पहिल्याच दिवशी शिकवत. इतरांच्या फुटव्यांसाठी त्यांनी किती जणांना बोल लावला होता त्याची गणती नव्हती.

त्या वेळी तिथं दुसरं कोणी नव्हतं. खिशातल्या चाकूनं फुटवा छाटला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. मशीन चुकलं असंच सगळे म्हणाले असते, रोपं उपटायची राहिली असती. ती पाण्यावाचून मेली असती ते वेगळं, पण नत्थुजींच्या हातून मेली नसती. त्यांनी चाकू काढलाही. मग त्यांना ती पोरगी तंबाखूचा कागद दोनदा वाचताना आठवली, आणि चाकू त्यांनी परत मिटला.

पार्बताबाई पाण्याची घागर घेऊन येत होत्या. "काय झालं? असे काहून बसले?"

"माणूस चुकला, बाई. मशीन नाई चुकलं."

"कोणता माणूस?"

"मी."

त्यांनी तहरीमला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे तिनं तो नंबर वहीत शोधला. मग म्हणाली, "काका, गाठीच्या वरचं एक पान आणि खालचं एक पान, दोन्ही घेऊन तुम्हीच या. तुमच्या डोळ्यासमोर करू."

दुसऱ्या दिवशी नत्थुजी पहिल्या एसटीनं निघाले. मांडीवर बर्फाचा डबा. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईनं विचारलं, "औषध हाये का?" ते म्हणाले, "जामाची पानं हायेत." बाई खिडकीकडे वळली.

तहरीमची प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या बाजूला होती. दोन खोल्या, एक फ्रीज, आणि टिफिनच्या डब्याएवढं एक मशीन. नत्थुजींना वाटलं होतं की पान मशीनमध्ये घातलं की रंग बाहेर पडत असेल. तसं काही नव्हतं. तिनं पान खलबत्त्यात वाटलं, त्यात एक द्रव घातला, गाळलं, घुसळलं, थंड केलं, आणि शेवटी नळीच्या तळाशी दुधाच्या डागाएवढं पांढरं काहीतरी उरलं. एवढं करायला दोन तास गेले. त्या सगळ्या वेळात तिचा हात एकदाही डगमगला नाही. मोहरीच्या दाण्याएवढे थेंब ती एका नळीतून दुसरीत टाकत होती, प्रत्येक नळीवर नंबर लिहीत होती आणि लिहिलेला नंबर पुन्हा वाचत होती. नत्थुजींनी आयुष्यभर कलमं बांधली होती, त्यामुळे कामाचा हात त्यांना ओळखता येत होता. असं सहाशे वेळा केलं या पोरीनं, ते मनात म्हणाले.

मशीन चालू असताना तिनं चहा मागवला. नत्थुजींनी विचारलं, "मॅडम, या पानात रंग कुठी लिवला असते, ते मले समजीन असं सांगा."

तिनं जरा विचार केला. "काका, तुमच्या गावात एखाद्याचं घर कसं सांगता? नव्या माणसाला?"

"मोठ्या कडुलिंबापासचं घर, असं सांगतो."

"तसंच. गर लाल करणारी जी गोष्ट आहे ते घर समजा. घर मला अजून नीट सापडलं नाही. पण त्याच्या शेजारचा लिंब सापडला. पानात लिंब दिसला की मी म्हणते, घर इथंच असणार. त्या लिंबालाच आम्ही खूण म्हणतो."

"अन् लिंब राहिला, घर हललं तं?"

तहरीम हसली. "शंभरात एखाद्या वेळी तसं होतंही. म्हणून तर मी हमी देत नाही, अंदाज देते. पण पक्का अंदाज."

दुपारी तिनं चायना ग्रासच्या वडीसारख्या थरथरत्या पातळ लादीत ते थेंब सोडले, वीज लावली, आणि तासाभरानं लादी एका अंधाऱ्या पेटीत ठेवून त्यांना डोळा लावायला सांगितलं. आत नारिंगी उजेडात रेघा चमकत होत्या. वरची रेघ दोन्ही पानांना होती. तिच्यावरून पान नीट वाटलं गेलं एवढं कळतं, असं ती म्हणाली. खालची रेघ लाल गराची. गाठीच्या वरच्या पानाला ती नव्हती. खालच्या पानाला होती, सुईच्या टोकाएवढी बारीक, पण स्वच्छ.

नत्थुजी बराच वेळ पेटीला डोळा लावून राहिले. एकाच बुंध्यावर दोन झाडं आहेत हे ती पेटी सांगत होती, आणि ते त्यांना एकतीस वर्षांच्या डोळ्यांनीही बुंध्याशी वाकून पाहावं लागलं होतं.

"मॅडम," ते उठून म्हणाले, "उपटतो मी. माणसं नका लावू. माझ्या हातानं करतो."

पण अजून एक पेच होता. यादीत तीनशेचार रोपं लाल निघाली होती, आणि पाणी एकशेतिसांना. पडताळा म्हणून दहा पांढरी ठेवायची, म्हणजे लाल एकशेवीस. ती कोणती, हे तहरीमला सांगता येईना. पुढच्या आठवड्यात ती बागेत आली तेव्हा यादी नत्थुजींच्या हातात देऊन म्हणाली, "रंग मी सांगितला. झाड तुम्ही सांगा. फळ मोठं होईल का, झाड तगेल का, त्याची रेघ माझ्याकडे नाही."

तीन दिवस ते दोघं रांगेरांगेतून फिरले. नत्थुजी रोपाजवळ थांबत, खोडाची जाडी बोटांच्या चिमटीत धरून पाहत, पेराची लांबी बघत, दुपारच्या गरम वाऱ्यात कोणाची पानं मान टाकतात आणि कोणाची सरळ राहतात ते पाहायला मुद्दाम उन्हात उभे राहत. "हे ठेवा. हे नको, उंच गेलं पण कमरेत बारीक हाये. हे ठेवा, बुटकं हाये पण पाहा, याले पाणी कमी पडलं तरी नवं पान सोडून राहिलं." तहरीम वहीत लिहीत होती. एकदा तिनं विचारलं, "काका, हे सगळं कुठं शिकलात?" ते म्हणाले, "चुकून चुकून."

मग त्यांनी चारशेबासष्ट रोपं उपटली. पार्बताबाई आळी बुजवत मागून येत होत्या. पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी नत्थुजी दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जेवले. उरलेल्या रोपांना ते रोज घागरीनं मोजून पाणी घालत, आणि पाऊस लागेपर्यंत त्यांतलं एकही गेलं नाही.

एकोणीसच्या ऑगस्टात फळं धरली आणि डिसेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात पिकली. फळ कापायचा दिवस ठरला. व्हरांड्यात दोन लांब टेबलं मांडली. शेंदूरजनाघाटहून चंद्रभान आले. प्रत्येक झाडाची तीन-तीन फळं टोपलीत, टोपलीला नंबर. चाकू नत्थुजींच्या हातात होता. गजेंद्रसाहेबांनी यादी धरली होती.

दहा पांढरी आधी कापली. दहाही पांढरी. मग लाल. पहिलं फळ दुभंगलं आणि आतून टरबुजाचा रंग निघाला. दुसरं, तिसरं, दहावं, चाळिसावं. चंद्रभान सुरुवातीला प्रत्येक फळावर काहीतरी बोलत होते, पन्नासाव्यानंतर ते नुसत्या फोडी मोजू लागले. लाल फोडींच्या रांगा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. बागेतले मजूर काम सोडून कठड्याशी येऊन उभे राहिले होते.

एक्याण्णवव्या टोपलीतलं फळ पांढरं निघालं. नत्थुजींनी उरलेली दोन्ही कापली. तीही पांढरी. त्यांनी तहरीमकडे पाहिलं. तिचा चेहरा पडेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती उठून टोपलीपाशी आली आणि फोड हातात घेऊन उजेडात धरून पाहू लागली.

"घर हललं," नत्थुजी म्हणाले.

"हललं," ती म्हणाली. "काका, या झाडाला जपा. लाल सगळे एकीकडे, मला हे पाहिजे. यात लिंब आहे आणि घर नाही, म्हणजे घर नेमकं कुठं आहे ते आता हे झाड दाखवेल."

पुढच्या सगळ्या टोपल्या लाल निघाल्या, तरी चंद्रभानांना हे कळलं नाही. "चुकलेल्या झाडाचं एवढं काय, मॅडम?" त्यांनी विचारलं. उत्तर नत्थुजींनी दिलं. एकशेविसांतली एकशेएकोणीस बरोबर निघाल्याचं कौतुक कोणालाही वाटलं असतं, पण ही पोरगी जे एक चुकलं त्याच्याकडे आधी गेली, हे ते चंद्रभानांना समजावत राहिले.

सगळ्यांत चांगलं ठरलं ते चारशे अकरा नंबरचं बुटकं झाड. फळ पावशेराचं, बिया मऊ, गर लाल आणि गोड. फेब्रुवारीत चंद्रभान कलमं बांधायला त्याच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून शेंदूरजनाघाटला घेऊन गेले.

त्याच महिन्यात चारशे अकराच्या बियांपासून उगवलेली नवी रोपं ट्रेमध्ये चार-चार पानांची झाली. तहरीमनं त्यांची पानं तिथंच तपासायला घेतली, वावरात लावायच्या आधी. आठशेतली दोनशेच पुढे जाणार होती. नत्थुजींच्या नोकरीचे दोन महिने उरले होते. आखलेल्या जागी आळी करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि बरोबर दोनशेच आळी खणली. पार्बताबाईंनी विचारलं, "दहावीस जास्त नाई ठेवायची? मेलीगेली तं?"

"ठेवू, ट्रेमंदी ठेवू," नत्थुजी म्हणाले. "वावरात मात्र जे लावू ते राहीन."

मग ते खुरपं घेऊन पुढच्या आळ्याची माती मोकळी करायला बसले.